गुरुवारचा जोडतास

३ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझी भिंगरी पुन्हा शाळेत जायला लागली ही बातमी आईनं तुला दिलीच असेल, आणि वर "हिचं बूड एका जागी कधी टिकणार" हेही विचारलं असेल. आता माझ्या तोंडून ऐक. मी डिझाईनमध्ये पीएचडी करतेय, तीही आंतरविद्याशाखीय. म्हणजे एकाच विषयात मुरत बसायचं नाही, चार विभागांच्या दारात उभं राहून हवं ते मागून आणायचं. लहानपणी मी शेजारच्या चारही घरांत जेवायचे, त्याचीच ही वरची पदवी समज.

मला बसायला तिसऱ्या मजल्यावर एक टेबल मिळालंय. खाली सुतारकामाची कार्यशाळा आहे, त्यामुळे दिवसभर करवतीचा आवाज येतो आणि वहीवर भुसा येतो. गंमत म्हणजे अख्ख्या डिझाईन विभागात एकही धड खुर्ची नाही. माझ्या खुर्चीची पाठ मोडलेली आहे. मी नऊ वर्षं खुर्च्या आखल्या हे कळल्यावर सगळे माझ्याकडेच बघतात, जणू ती मीच मोडली.

त्या नोकरीचं म्हणशील तर, सोडली ती एका प्रश्नापायी. बाबांना तपासणीला घेऊन गेले होते तेव्हा दवाखान्यात माझ्याच आखलेल्या खुर्च्या होत्या. ओळीनं, स्वच्छ, पाठीला आधार देणाऱ्या. आणि अर्ध्या रिकाम्या. माणसं भिंतीला टेकून उभी, काही पायऱ्यांवर. वाट पाहणारा माणूस खुर्ची असून बसत का नाही? हे मला कुणी सांगेना, कंपनीत विचारलं तर म्हणाले, खुर्च्या खपताहेत ना, मग झालं. म्हणून इथे आले.

आता मुद्द्याचं. आधी कोर्सवर्क. पाच विषय घ्यायचे, किमान तीन विभागांतून. मला हवेत ते असे: संशोधनपद्धती, इमारतींमधला प्रकाश आणि आवाज, चिंतेचं मानसशास्त्र, गणित विभागातलं रांगांचं गणित आणि नाट्यविभागातला 'देह आणि जागा'. गोची अशी की प्रत्येक विभाग आपलं वेळापत्रक आपल्या मर्जीनं लावतो आणि एकमेकांशी ब्र काढत नाही. पाचही विषय बसवून आखलेला आराखडा तेवीस तारखेला कमिटीपुढे ठेवायचाय. तो मंजूर झाला तर मी इथली. नाहीतर माझी जागा प्रतीक्षायादीवरच्या पहिल्या व्यक्तीला जाणार. ती बाई रोज ऑफिसच्या दाराशी येऊन चौकशी करते. तीही बसत नाही.

तू सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलंस. मी तीन दिवस डोकं आपटून हात टेकलेत. सगळ्या विभागांचे कागद सोबत जोडलेत. भाचीसाठी एक शेवटचं वेळापत्रक लावशील?

तुझी,
भिंगरी


८ सप्टेंबर

भिंगरे,

कागद पोचले. फोन करणार होतो, पण फोनवर तू नुसतं "बरं बरं" म्हणतेस आणि करतेस आपल्याच मनाचं. लिहिलेलं निदान पुन्हा तोंडावर फेकता येतं.

शेवटचं वेळापत्रक म्हणालीस ते वाचून अंगात बारा हत्तींचं बळ आलं. माळ्यावरून माझा जुना फळा काढला, तोच, भोकांचा, ज्यात रंगीत खुंट्या बसवायच्या. एक खुंटी म्हणजे एक तास. जेवायच्या टेबलावर त्याशिवाय मावत नाही. तुझी मामी गेले चार दिवस ताट मांडीवर घेऊन जेवते आणि मी काही विचारलं की "तास संपला का" एवढंच म्हणते.

तुला ठाऊकच आहे, सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही क्लॅश झाला नाही. एका शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवलं नाही, की एका वर्गावर दोन शिक्षक धाडले नाहीत. मुख्याध्यापक बदलले, इमारत बदलली, पण क्लॅश नाही. तुझ्या विभागांनी मात्र कहर केलाय. इतक्या बारीक टाइपात कागद छापलेत की मुंगीलाही चष्मा लागावा. शाई वाचवत असतील.

आता माझा सल्ला. नाटक काढून टाक. ते काढलं की बाकीचे चार विषय सुतासारखे सरळ बसतात. शिवाय नाटकं करायला तुला शिकवावं लागेल असं मला वाटत नाही. गृहपाठ न करता पोट दुखवून घेण्यात तू सातव्या वर्षीच पारंगत होतीस.

तुझा,
मामा

ता. क. रांगांचं गणित म्हणजे काय असतं? रांगेत उभं राहायचं आणि मोजायचं?


१२ सप्टेंबर

प्रिय मामा,

पोट खरंच दुखायचं.

नाटक काढणार नाही. का ते सांगते, शांतपणे ऐक. गणिताच्या सरांना भेटले. अत्यंत सज्जन माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. ते म्हणाले, रांग माणसांची नसते, येण्याच्या वेगाची आणि सुटण्याच्या वेगाची असते. दोन आकडे सांगा, कोण किती वेळ थांबेल ते मी सांगतो. आणि खरंच सांगतात. मी थक्क झाले. मग विचारलं, पण सर, तो माणूस उभा का असतो? त्यांनी फार प्रामाणिकपणे उत्तर दिलं की गणिताला ते दिसत नाही.

मग नाट्यविभागात गेले. तिथल्या बाई अनवाणी वर्ग घेतात. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही कुणाची तरी वाट बघताय. मी नुसती बसले, पण माझी मीच बघते तर काय, मी खुर्चीच्या कडेवर आले होते, टाचा उचललेल्या, मान दाराकडे. बाई म्हणाल्या, बघा, तुमची खुर्ची मागे पडली, तुम्ही आधीच उठलात. मामा, नऊ वर्षं मी पाठीचा आधार आखला आणि वाट पाहणारा माणूस पाठ टेकतच नाही.

तेव्हा मला दोन्ही हवेत. पण बाईंना गणित म्हणजे गिरणी वाटते आणि सरांना नाटक म्हणजे सुट्टी. दोघं एका इमारतीत नांदतात आणि जिन्यात भेटले तर पायऱ्या मोजतात. माझ्या गाईड-बाई तर मला आधीच बजावून बसल्यात की सगळ्यातलं थोडं थोडं उचललंस तर ते ठिगळांचं पांघरूण होईल, संशोधन नाही. कमिटीत हेच तिघं आहेत, म्हणजे बघ.

आणखी एक. तुझं पत्र वाचताना हसू आवरेना. एवढी मोठी अक्षरं कशाला? पहिलीच्या पाटीवर काढल्यासारखी, आणि ओळी डोंगर चढून गेल्यात. मी पुन्हा शाळेत गेले म्हणून चिडवतोयस ना? कळलं. लबाड कुठला.

पाचही विषय बसव. तूच बसवू शकतोस.

भिंगरी


१७ सप्टेंबर

भिंगरे,

बसवले. पाचच्या पाच.

सोबत तक्ता आहे. खुंट्यांवरून कागदावर मीच उतरवलाय, रंग मामीनं भरलेत. सोमवारी संशोधनपद्धती, मंगळवारी प्रकाश आणि आवाज, बुधवार मोकळा ठेवलाय कारण शिकलेलं पचायला एक दिवस लागतो, बाकी तूच बघ. नाटकाला गुरुवारी सकाळी दहाची छान जागा मिळाली. गणित थोडं आढेवेढे घेत होतं, पण शेवटी तेही गप बसलं. असला तक्ता गेल्या दहा वर्षांत मी पाहिला नाही. तपासत बसू नकोस, सरळ कमिटीपुढे ठेव. त्यांनी तोंडात बोटं घातली तर मला कळव.

अक्षराचं म्हणशील तर, हो, चिडवतच होतो. बरोबर ओळखलंस.

इकडे सगळं ठीक. समोरचे पेन्शनर हल्ली ओळख दाखवत नाहीत. काल अगदी जवळून गेले, मी हात केला तर म्हणाले, काका, मी तुमचा पोस्टमन. काय एकेकाची थट्टा. परवा मी चहा केला तर मामी म्हणते, मीठ घातलंय. दोन डबे एकसारखे आणायचे आणि मग नवऱ्याला बोल लावायचा, ही तिची जुनी सवय.

यशस्वी हो.
मामा


२४ सप्टेंबर

मामा, मामा, मामा,

काय माणूस आहेस तू. बसून वाच.

काल कमिटी होती. लांबट टेबल, तिघं एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि खुर्ची अशी की बसलं की हनुवटी टेबलाला. तुझा तक्ता मी तपासला नव्हता. मामानं केलेला तक्ता तपासायचा म्हणजे सूर्य उगवलाय का ते खिडकीतून बघायचं. ऐटीत पुढे सरकवला. गणिताच्या सरांनी चष्मा नाकावर घेतला, एका चौकोनावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "गुरुवारी दहाला यांचा वर्ग आहे. पण गुरुवारी दहाला माझाही आहे."

मी बघितलं. तू गणित मंगळवारी दहाला टाकलं होतंस. पण गणित विभागाच्या कागदात ते गुरुवारीच आहे. मंगळवारी त्या वेळी सर दुसऱ्याच वर्गाला शिकवतात. म्हणजे सरळ सरळ क्लॅश.

माझ्या तोंडातून निघालं, "असं होणार नाही, तक्ता माझ्या मामानं केलाय." तिघंही हसले. गाईड-बाईंनी तर रुमाल काढला. हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, दोघांपैकी एक सोडा, किंवा जागा सोडा.

आणि तेवढ्यात मला तुझं छत आठवलं. तू शंभरदा सांगितलेली गोष्ट. एका वर्गाचं छत गळत होतं म्हणून भूगोल आणि चित्रकला एकाच खोलीत कोंबली होतीस, दोन्ही शिक्षक रुसले होते, आणि मग महिनाभर मुलांनी असे नकाशे काढले की इन्स्पेक्टर एक घरी घेऊन गेला. जोडतास. मी म्हटलं, हा क्लॅश नाही, हा जोडतास आहे. गुरुवारी दहाला दोघांनीही वर्गात शिकवायचंच नाही. तिघांनी मिळून एखाद्या खऱ्या प्रतीक्षाकक्षात बसायचं. सरांनी वेग मोजायचा, बाईंनी देह बघायचे, आणि मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर.

बाईंनी टाळी वाजवली. सर म्हणाले की येण्याच्या वेगाचे खरे आकडे त्यांना गेली कित्येक वर्षं कुठूनच मिळालेले नाहीत. गाईड-बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि निकाल दिला: पंधरा ऑक्टोबरपर्यंत एक पान लिहून आणा. काय बघणार, आणि कुठे बघणार. खोली खरी हवी, परवानगीसकट. नाहीतर दाराशी उभ्या असलेल्या बाईंना आत बोलावते.

तू हे मुद्दाम केलंस. कबूल कर. सव्वीस वर्षांत क्लॅश न झालेला माणूस उगाच क्लॅश करत नाही. मला समोरासमोर सांगितलं असतंस तर माझी छाती झाली नसती, म्हणून ढकलून दिलंस. तुझ्याइतकं मला कुणीच ओळखत नाही.

आता खोली शोधतेय. तीन दवाखान्यांनी नाही म्हटलंय. काही सुचतंय?

भिंगरी


२८ सप्टेंबर

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. हो, मुद्दामच. मोठी माणसं सगळंच बोलून दाखवत नाहीत.

खोलीचं मला काही सुचत नाही. तू हुशार आहेस, मिळेल.

मामा


२९ सप्टेंबर

भिंगरीबाई,

मी मामी. तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा चुकलं तर हसू नकोस. हे झोपलेत तेवढ्यात लिहिते.

मुद्दाम वगैरे काही नव्हतं गं. ह्यांना दिसत नाही.

दोन वर्षं झाली. आधी पेपर लांब धरायचे, मग जवळ, आता धरतच नाहीत, "बातम्याच भिकार" म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ह्यांना हटकून काहीतरी काम निघतं. एकदा तर जुन्या चपला पॉलिश करायला बसले. तुझे कागद आले तेव्हा मी म्हटलं, मी वाचून दाखवते, तर फळा उचलून खिडकीशी गेले. माझ्या हाताला फक्त रंग आले. त्या बारीक कागदात एक ओळ सोडून दुसऱ्याच ओळीवर नजर गेली असणार, तिथलाच वार उचलला.

तुझं चोवीसचं पत्र मीच वाचून दाखवलं. क्लॅशपर्यंत आले आणि ह्यांचा चेहरा उतरला. पुढचं कौतुक त्यांनी ऐकलंच नाही. तक्त्याची प्रत आणि तुझे कागद घेऊन भिंग लावून बसले, शेवटी म्हणाले, "झाला गं. माझ्या हातून क्लॅश झाला." एवढंच. मग फळा स्वतः माळ्यावर टाकून आले. टेबल रिकामं झालं, आता मी नीट बसून जेवते आणि मला एक घास गोड लागत नाही.

तुला खोटं लिहिलं त्याचंही त्यांना लागलंय. तू रागावू नकोस. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आणि मीठ मी खरंच ओळखलं होतं, तरी तो कप मी पूर्ण प्यायले, हे त्यांना सांगू नकोस.

मामी


३ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मामीनं सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस, चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड, कारण मोठी अक्षरं बघून मी तुला लबाड म्हटलं. तीन पत्रं माझ्या हातात होती आणि मला एवढं साधं दिसलं नाही. डोळे काय फक्त तुझेच खराब आहेत?

काल मी पायऱ्यांवर बसून रडले. मग तुझा पोस्टमन आठवला आणि रडता रडता हसले. तू मला फार आवडतोस, हे तुला कधी लिहिलं नव्हतं, म्हणून लिहिते.

आता व्यवहाराचं. तो क्लॅश झाला नसता तर मी मुकाट्यानं दोन विषय दोन खोल्यांत शिकले असते, आणि गाईड-बाई म्हणतात तसं ठिगळ लावत बसले असते. चूक तुझी, पण माझ्या प्रश्नाला तिच्यामुळेच दार मिळालं. दारामागे खोली नाही, एवढाच घोळ आहे. इथल्या पाचव्या दवाखान्यानंही काल हात वर केले. पंधरा तारीख जवळ येतेय.

तुमच्या गावात, बसस्टँडमागे, डोळ्यांचं एक मोठं रुग्णालय आहे. मामी म्हणते तिथे सकाळभर लोक थांबतात. मला तिथे कुणीतरी बसून बघायला हवंय. कुठे बसतात, कुठे उभे राहतात, मान कुठे वळते. तुझ्याइतकी वर्गावर नजर ठेवायची सवय कुणाला आहे? पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना मागच्या बाकावर कोण चॉकलेट खातंय ते तुला कळायचं. एकदा जा. बसायला कारण लागेल, तर नंबर लावून डोळे दाखवून ये.

मी तुला फसवत नाहीये, उघडउघड गळ टाकतेय. मला खोली हवी आणि तुझे डोळे हवेत. दोन्ही एकाच जागी आहेत. जोडतास कर ना, मामा.

तुझी,
भिंगरी


८ ऑक्टोबर

भिंगरे,

हे पत्र मी सांगतोय आणि मामी लिहितेय. डोळ्यांत थेंब घातलेत, सगळं जग दुधात बुडालंय. (मीही कंसात माझं लिहिणार, असं ठरवूनच पेन हातात घेतलंय. मामी.)

गेलो. तुझ्यासाठी. (हे पायऱ्यांवरून दोनदा परत फिरले.) आता अहवाल ऐक.

मोठी खोली, खुर्च्या ओळीनं, सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड. आपला नंबर आला की आत जायचं. व्यवस्था चोख, वेळापत्रकवाल्या माणसाला आवडेल अशी. पण आधी एक सिस्टर येते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत थेंब घालते, बाहुल्या मोठ्या व्हायला. ते घातले की तासभर कुणालाच काही दिसत नाही. आता मला सांग, ज्या खोलीत एकाही माणसाला दिसत नाही, तिथे आकडे भिंतीवर लावायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल?

म्हणून लोक बसत नाहीत, भिंगरे. बोर्डाखाली जाऊन उभे राहतात, नाक लावून. नाहीतर आतल्या दाराशी, म्हणजे नाव कानावर पडेल. जे बसलेत ते कडेवर, आणि दर मिनिटाला शेजाऱ्याला विचारतात, "कितवा चालू आहे हो?" शेजाऱ्यालाही दिसत नाही, तो पलीकडच्याला विचारतो. प्रश्न ओळीच्या टोकापर्यंत जातो आणि उत्तर न घेता परत येतो. माझ्या शेजारच्या आजीबाई इतक्या घाबरल्या होत्या की माझ्याच कोपराला धरून बसल्या. (मी दुसऱ्या बाजूला होते, मला कुणी धरलं नाही.)

मला राहवेना. मामीला अजून दिसत होतं. तिला म्हटलं, तू बोर्ड बघ आणि मला सांग. मग मी उभा राहिलो आणि शाळेतल्या आवाजात हजेरी घ्यायला लागलो. "चोवीस!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "हजर." खोलीभर हशा. "पंचवीस, तयारीत राहा." "हजर." पाच-सात नंबर झाले आणि एक गोष्ट घडली. भिंतीजवळची माणसं एकेक करून येऊन बसली. पाठ टेकून, भिंगरे. आजीबाईंनी माझं कोपर सोडलं आणि चक्क डुलकी काढली. (हे खरं आहे. मी मोजत होते. शेवटी उभं कुणीच नव्हतं, ह्यांच्याशिवाय.)

एवढ्या गोंगाटाला डॉक्टरबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता अंगठे धरायला लावतात. सगळं ऐकून म्हणाल्या, माझ्या खोलीत कुरकुर ऐकू आली नाही म्हणून बघायला आले. मग मी तुझं सांगितलं. गुरुवार, गणित, नाटक, खुर्च्या. त्यांनी तिथल्या तिथे परवानगीचं पत्र लिहून दिलं, सोबत जोडतोय. त्यांची एकच अट आहे, जे कळेल ते आधी त्यांना सांगायचं.

माझं म्हणशील तर मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. पिकलेत म्हणे. पहिला चौदा तारखेला काढतील. भीती वाटते. हे मामीनं लिहू नये असं मी तिला सांगितलं होतं. (म्हणूनच लिहिलं.)

मामा (आणि मामी)


१६ ऑक्टोबर

प्रिय मामा,

डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा मामी, तू मोठ्यानं वाच, शाळेतल्या आवाजात.

आराखडा मंजूर झाला.

एक पान लिहायचं होतं, मी तुझा अहवाल जवळजवळ जसाच्या तसा उतरवला, फक्त मामीचे कंस काढले. ते काढताना जीव तुटला. सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, थांबायचा वेळ तर तेवढाच राहिला असणार, मग माणसं बसली कशी? हे मला मोजायचंय. बाई म्हणाल्या, मला त्या हजेरी घेणाऱ्या माणसाला भेटायचंय. मग दोघं एकमेकांशी बोलायला लागले, मामा, माझ्या डोक्यावरून, आणि मी समोर आहे हे विसरले. गाईड-बाईंनी मंजुरीची सही केली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ठिगळ नाही, वीण आहे.

बाहेर आले तर ती प्रतीक्षायादीवरची बाई दाराशी. तिला सांगताना मला वाईट वाटलं. पण तिलाही दुसऱ्या गाईडकडे जागा मिळाली होती, तेच सांगायला ती थांबली होती. आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून चहा प्यायलो. पाठ टेकायला भिंत होती.

गाईड-बाईंनी आज विचारलं, ऑपरेशन कसं झालं. सरांनीही विचारलं. तुला इथे सगळे ओळखतात, क्लॅशवाले मामा म्हणून. आता माझा जीव टांगणीला लागलाय तो तुझ्या पट्टीपायी. सुटली की मामीला सांगून दोन ओळी तरी धाड.

पहिला जोडतास सहा नोव्हेंबरच्या गुरुवारी, सकाळी दहाला, तुझ्याच हजेरीच्या खोलीत. आम्ही तिघं आदल्या संध्याकाळी बसनं येतोय.

भिंगरी


२४ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

हे मी लिहितोय. माझ्या हातानं, आणि एका डोळ्यानं. डॉक्टरबाईंनी आजपासून रोज थोडं वाचायची-लिहायची मुभा दिली. अक्षराचा आकार बघ आणि ओळी सरळ आहेत का ते सांग. आखायची पट्टी टेकवलेली नाही, मामी साक्षीला आहे.

पट्टी सुटली तेव्हा सगळ्यात आधी मामी दिसली. हिचे केस इतके पांढरे कधी झाले? मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "काय बघताय?" मी म्हटलं, "बघतोय." मग तिनं उठून चहा करून आणला. साखरेचा होता. मिठाच्या त्या कपाचं मला आता कळलंय, कसं ते विचारू नकोस.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. तुझं अक्षर इतकं गचाळ आहे याची मला कल्पना नव्हती. मामीनं वाचून दाखवताना फार सांभाळून घेतलं. तीन तारखेच्या पत्रातली एक ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. कुठली ते तुला ठाऊक आहे. माझंही तेच म्हणणं आहे, फक्त मला ते लिहिता येत नाही.

फळा माळ्यावरून पुन्हा खाली आलाय. तुझा तक्ता भिंतीला लावलाय, त्या गुरुवारच्या चौकोनासकट. तो मी दुरुस्त केलेला नाही. समोरचे पेन्शनर काल आले होते, हे खरेखुरे, त्यांना दाखवला. त्यांनी बरोबर त्या चौकोनावर बोट ठेवलं. मी म्हटलं, तो जोडतास आहे. खोटं बोललो असं आता वाटत नाही.

तुझ्या सरांना आणि बाईंना उतरायला आपलंच घर. सरांना मऊ उशी चालते का ते कळव. मामी म्हणते, गुंडी वरपर्यंत लावणाऱ्या माणसाला कडक लागत असेल. माझा दुसरा डोळा डिसेंबरात आहे, तेव्हा सहाच्या गुरुवारी मला थेंब नाहीत. बोर्ड मी वाचीन, हजेरी तू घे. आवाज पोटातून काढ.

आणि पुढच्या सत्राचे कागद आत्ताच पाठवून दे, हवे तितके बारीक. या वेळी कुठे क्लॅश सापडला, तर तो खरोखर मुद्दाम केलेला असेल.

तुझा,
मामा